फॉरमॅट मारण्यापूर्वी

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

वार्षिक अंकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा आई, पाऊस किंवा शिक्षणाचे महत्त्व ह्यांपैकी एखाद्या विषयावर लिहावे असे मी ठरवले होते. ह्या विषयांना कोणाची हरकत नसते. परंतु त्याच आठवड्यात, कॉलेज सुटल्यावर मी बोईसरच्या ज्या दुकानात काम करते तिथला संगणक बंद पडला आणि पुढचे पंधरा दिवस माझ्या डोक्यात दुसरे काही शिरलेच नाही. विषय तसा रुक्ष आहे. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क नव्या संगणकात कशी न्यावी, आणि मुळात न्यावी की नाही, एवढाच तो विषय. कला शाखेच्या मुलीने ह्यात कशाला पडावे, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी लेख संपेपर्यंत धीर धरावा, एवढीच विनंती.

दुकान स्टेशनपासून पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म ही कामे तिथे चालतात. औद्योगिक वसाहतीत काम शोधायला आलेली मुले बायोडेटा करून घेतात. खेड्यापाड्यांतून येणारी माणसे जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड ह्यांचे अर्ज लिहून घेतात. दुकानाच्या मालकांना आम्ही सर्वजण काका म्हणतो. काकांनी हा संगणक २०११ साली घेतला आणि तेव्हापासूनचा प्रत्येक अर्ज त्यात ठेवला. 'पुढच्या वेळी आला की बिचाऱ्याला पुन्हा टायपिंगचे पैसे नकोत,' असे ते म्हणत. जुने अर्ज चाळताना मला एक गंमत दिसली होती. २०१४च्या जुलैपर्यंतच्या अर्जांवर 'ता. पालघर, जि. ठाणे' असे आहे. त्या वर्षी १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला जिल्हा झाला, आणि त्यानंतरच्या अर्जांवर 'जि. पालघर' आहे. मधल्या काही अर्जांवर मात्र काकांच्या सवयीने ठाणेच राहिले आहे. जिल्हा बदलतो तेव्हा माणसांच्या कागदांत काय बदलते आणि काय मागे राहते, ते त्या एका डिस्कवर पाहायला मिळते.

ज्या तारापुरात १९६९पासून अणुवीज तयार होते, त्याच परिसरात आम्ही पावसाळ्यात विजेचा लपंडाव पाहतो. त्या दिवशी तीनदा दिवे गेले आणि आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा सीपीयूच्या डब्यातून जळका वास आला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिले. पॉवर सप्लाय गेला होता आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला होता. डिस्क तेवढी शाबूत होती. 'काका, एवढ्या जुन्या मशीनला आता पार्ट मिळत नाहीत. नवा डबा घ्या, त्यात नवीन विंडोज मारून देतो. ही डिस्कपण फॉरमॅट मारून जास्तीची म्हणून लावून टाकू. एका तासाचे काम,' तो म्हणाला. काका मान डोलावणार तोच मी मध्ये पडून नको म्हटले. एरवी मी मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालत नाही. त्या दिवशी घातले, त्याला कारण होते.

आमचे मूळ गाव विक्रमगड तालुक्यात आहे. आजोबा तिथे जंगलजमीन कसत. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार, १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंबाच्या ताब्यात आहे तिच्यावर त्याला हक्काचा दावा करता येतो. आमच्यासारख्यांकडे जुने कागद नसतात हे धरूनच की काय, पुराव्यांत गावातील वृद्ध माणसाचे लेखी निवेदनही ग्राह्य मानले आहे. माझ्या चुलत्यांनी गावातल्या एका वृद्धाचे सगळे म्हणणे मोबाईलवर रेकॉर्ड केले होते. आजोबांनी कोणता दगड बांधाला लावला, कोणत्या सालच्या पावसात बांध फुटला, आंब्याचे झाड कोणी लावले, असे सगळे त्यात होते. त्यावरून निवेदन टाइप केले, जमिनीचा कच्चा नकाशा काढला आणि हे सर्व घरच्या संगणकाच्या पहिल्याच पडद्यावर, म्हणजे डेस्कटॉपवर, ठेवले. डोळ्यांसमोर राहील म्हणून!

२०२१ साली तो संगणक फार हळू चालतो म्हणून दुरुस्तीला दिला. 'काही महत्त्वाचे आहे का?' असे दुरुस्तीवाल्याने विचारले होते. चुलतभाऊ म्हणाला, 'डी ड्राइव्हमधले ठेव.' संगणक चकचकीत होऊन परत आला. डी ड्राइव्हमधली गाणी होती, लग्नाचे फोटो होते. डेस्कटॉप रिकामा होता. डेस्कटॉपवर ठेवलेली वस्तू प्रत्यक्षात सी ड्राइव्हमध्ये, म्हणजे विंडोज असते त्याच भागात असते, आणि फॉरमॅट नेमका त्याच भागाला मारतात, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ज्यांचे निवेदन होते ते आजोबा आदल्या वर्षीच वारले होते. पुढे कागद पुन्हा मागितले गेले तेव्हा आमच्याजवळ एक पुसट झेरॉक्स निघाली. दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे. तो लागेल तसा लागेल, परंतु त्या म्हाताऱ्याचा आवाज आता कुठेही नाही.

ह्यात चूक एकट्या दुरुस्तीवाल्याची होती असे मी म्हणणार नाही. त्याने विचारले, आम्ही अर्धवट उत्तर दिले. पण तेव्हापासून 'फॉरमॅट मारतो' हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो.

तर दुकानातल्या डिस्कचे पुढे काय झाले ते सांगते, कारण त्यातून मला काही गोष्टी कळल्या आणि त्या प्रत्येकाच्या उपयोगाच्या आहेत.

नवा डबा आला. आम्ही सरळ मार्ग धरला. जुनी डिस्क काढून त्यात जोडली आणि बटण दाबले. सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही, असे पडद्यावर आले. डिस्क बिघडली नव्हती. संगणक चालू होतो तेव्हा आधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि तो डिस्कवर जाऊन विंडोजला उठवतो. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणत. तो डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात लिहिलेली वाट वाचत असे. नव्या संगणकांत त्याच्या जागी यूईएफआय आले आहे. ते दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली वाट शोधते. पुष्कळ नव्या मदरबोर्डांत जुनी पद्धत ठेवलेलीच नाही. घर तेच, पण निरोप्या जुन्या दाराकडे जातच नाही, अशातला हा प्रकार.

काकांच्या भाच्याकडे मधल्या काळातला एक संगणक होता. त्यात दोन्ही पद्धती होत्या. तिथे डिस्क लावली तर विंडोजचे चिन्ह दिसले, आम्ही टाळ्या वाजवणार इतक्यात पडदा निळा झाला आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. त्या निळ्या पडद्यावर आकड्यांच्या शेवटी '७बी' असे होते. त्याचा अर्थ दोन दिवस शोधल्यावर कळला. विंडोज उठली होती, पण ज्या डिस्कवर ती स्वतः बसली आहे तिथवर पोचण्याचा रस्ता ह्या नव्या बोर्डावर तिला ठाऊक नव्हता. असा रस्ता दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. जुन्या विंडोजने जुन्या बोर्डापुरतेच ड्रायव्हर जागे ठेवलेले असतात. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन डिस्क जोडण्याची पद्धत एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर नेली, आणि काकांचा २०११चा पडदा, त्यांच्या गणपतीच्या फोटोसकट, समोर उभा राहिला. अक्षरे जाडीभरडी दिसत होती, आवाज येत नव्हता, आणि ही विंडोजची प्रत अस्सल नाही अशी तक्रारही चालू झाली. संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना बहुधा त्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो. बोर्ड गेला की परवानाही गेला. तरीही सगळे अर्ज उघडत होते. त्या संगणकावर बसून आम्ही आवश्यक तेवढ्या अर्जांच्या पीडीएफ प्रती काढून घेतल्या.

इथे आमची एक मोठी चूक कबूल करते. हे सर्व प्रयोग आम्ही एकुलत्या एका मूळ डिस्कवर केले. आधी यूएसबीची पेटी आणून डिस्क तिच्यात बसवायची, दुसऱ्या संगणकावर तिची पूर्ण नक्कल काढायची आणि मग वाटेल ते प्रयोग करायचे, हा खरा क्रम. दहा-पंधरा वर्षांची डिस्क कोणत्या क्षणी डोळे मिटेल ते सांगता येत नाही. आमचे दैव चांगले, एवढेच.

आता दुसरी बाजू. संगणकशास्त्र शिकलेला माझा एक मित्र म्हणतो की जुनी विंडोज उचलून नव्या यंत्रात नेणे हाच मुळी अडाणीपणा आहे. त्याचे म्हणणे मी नीट ऐकून घेतले आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. जुन्या विंडोजबरोबर जुने व्हायरस येतात, नको असलेला कचरा येतो. विंडोज ७ला कंपनीने आधार देणे १४ जानेवारी २०२०ला थांबवले. अशा विंडोजवर इंटरनेट जोडून लोकांची आधारकार्डे आणि बँकेची पासबुके हाताळणे हा लोकांशीच द्रोह आहे, असे तो म्हणाला. हे मला मान्य आहे. दुकानातही आम्ही शेवटी नवी विंडोज घेतली. चांगल्या इमारतीत गेल्यावर जुन्या चाळीची गळकी कौले कोणी बरोबर नेत नाही.

परंतु कौले नेऊ नयेत ह्याचा अर्थ देव्हारा आणि पाटा-वरवंटाही टाकून द्यावा असा होत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की डिस्कवर दोन वेगळ्या वस्तू असतात. एक, यंत्र चालवणारी व्यवस्था. दुसरी, माणसांनी त्यात ठेवलेला ऐवज. व्यवस्था बदलावीच लागते. ऐवजाचा निर्णय मात्र ज्याचा तो आहे त्याने, डोळ्यांनी पाहून, घ्यायचा असतो. 'फॉरमॅट' ह्या एका शब्दात दोन्हींचा निकाल एकदम लागतो आणि तो लावणारा तिसराच असतो. त्याला दोष कसा द्यावा? फॉरमॅटला एक तास लागतो, नीट स्थलांतराला दोन दिवस, आणि आपण पैसे देतो एका तासाचे.

शिवाय फॉरमॅटविषयी एक गैरसमज आहे. घाईचा फॉरमॅट डिस्कवरची अनुक्रमणिका पुसतो, पाने नव्हे. त्यांवर नवे लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तसाच असतो आणि साधने असणाऱ्याला तो बाहेर काढता येतो. म्हणजे बिचाऱ्या मालकाच्या दृष्टीने सर्व गेलेले, आणि भंगारातून डिस्क उचलणाऱ्या लबाडाच्या दृष्टीने बरेच शिल्लक! हा दोन्हीकडून तोटा आहे.

ह्या बाबतीत कारखाने आपल्यापेक्षा शहाणे दिसतात. माझे बाबा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हेल्पर आहेत. तिथल्या प्रयोगशाळेत रसायनाची शुद्धता तपासण्याचे एक यंत्र आहे. त्याला जोडलेला संगणक अजून विंडोज एक्सपीवर चालतो. एक्सपी आली २००१ साली, तिचा आधार संपला ८ एप्रिल २०१४ला. तरी ती काढत नाहीत, कारण त्या यंत्राचा प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालत नाही आणि नवे यंत्र घ्यायचे तर लाखांचा प्रश्न. त्या संगणकाला इंटरनेट जोडलेले नाही. त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल कपाटात कुलपात ठेवलेली आहे. बाबांना संगणकातले काही कळत नाही, परंतु त्या कपाटाशी जायचे नाही एवढे कळते. कारखान्याचे एका दिवसाचे उत्पादन बुडू नये म्हणून जी काळजी घेतली जाते, ती एखाद्या म्हाताऱ्याच्या साक्षीसाठी का घेतली जाऊ नये?

आता आपल्या, म्हणजे मराठीच्या, प्रश्नाकडे येते. दुकानातील डिस्क यूएसबीच्या पेटीत घालून नव्या संगणकाला जोडली तेव्हा सर्व फाइली दिसल्या, पण मराठी अर्ज उघडले की इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि चित्रविचित्र खुणा. कारण असे की जुन्या मराठी फॉन्टांत आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असत आणि वरून त्यांना देवनागरी आकार चढवलेला असे. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तोच फॉन्ट नव्या संगणकात नसेल तर चढवलेला वेष गळून पडतो. जगातील लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरी होती. तरीही आपल्या छापखान्यांत आणि दुकानांत कितीतरी वर्षे जुनेच फॉन्ट चालू राहिले. म्हणून नुसत्या फाइली नेऊन भागत नाही. जुन्या विंडोजच्या फॉन्टांच्या फोल्डरमधून तो फॉन्टही बरोबर न्यावा लागतो. आम्ही तो नेला आणि 'मा. तहसीलदार साहेब' पुन्हा वाचता येऊ लागले. पुढे मजकूर युनिकोडमध्ये बदलण्याची साधने मिळतात. पण त्यांतून काढल्यावर रफार भलत्याच अक्षरावर बसतो, जोडाक्षरे फुटतात, 'वर्ष'चे काहीतरी तिसरेच होते. ते डोळ्यांनी वाचून दुरुस्त करावे लागते. हे काम संगणकवाल्याचे नाही. ज्याला मराठी नीट येते त्याचे आहे. कला शाखेच्या मुलीने ह्यात का पडावे, ह्याचे हे उत्तर.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला. तो योग्यच होता. शिलालेख आणि ताम्रपट जपायला हवेतच. परंतु वीस वर्षांपूर्वी टाइप केलेली मराठी आज उघडत नसेल तर तिच्यापेक्षा शिलालेख बरा, असे म्हणायची पाळी येईल. तो निदान दिसतो तरी!

थोडे स्वतःविषयी लिहिते. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. पहिल्या वर्षी वर्गात बसले तेव्हा घरची बोली तोंडातून निघू नये म्हणून मी चार-चार तास गप्प राहत असे. जे जुने आहे ते पुसावे, कोरी पाटी करावी आणि पहिल्यापासून सुरुवात करावी, तरच इथे टिकाव लागेल, असे मला वाटे. मला हे कोणी सांगितले नव्हते, माझे मलाच वाटले होते. पुढे लोकसाहित्याच्या तासाला सरांनी विचारले की भात लावणीच्या वेळी तुमच्याकडे काय म्हणतात? मी आजीकडून ऐकलेली चार गाणी सांगितली. वर्ग शांत बसून ऐकत होता. त्या दिवशी माझ्या लक्षात आले की माझ्यात काही बिघाड नव्हता. माझ्याजवळचे इथवर आणण्याचा रस्ता तेवढा नव्हता, तो सरांच्या एका प्रश्नाने मिळाला. माणूस म्हणजे संगणक नव्हे, आणि तुलना फार ताणू नये हे मला कळते. पण आपल्या कॉलेजात जव्हार, मोखाडा, तलासरीपासून येणारी माझ्यासारखी मुले-मुली आहेत. त्यांना एवढे सांगावेसे वाटते की नवे सगळे शिका, पण आधी स्वतःला फॉरमॅट मारू नका.

ह्या वर्षी हा विषय अधिक निकडीचा झाला आहे. विंडोज १०चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि ती नसलेल्या जुन्या संगणकांना ती अधिकृतपणे चालत नाही. तेव्हा घरोघरी, दुकानांत, कचेऱ्यांत आणि शाळा-कॉलेजांत संगणक बदलले जातील, आणि जागोजागी तो एका तासाचा प्रश्न विचारला जाईल. ज्या मित्र-मैत्रिणींकडे नवे लॅपटॉप आहेत त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. पुष्कळ नव्या लॅपटॉपांतली डिस्क आपोआप कुलूपबंद असते. ती दुसऱ्या यंत्रात लावली की ४८ आकडी किल्ली मागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. यंत्र चालू आहे तोवरच ती शोधून वहीत उतरवून ठेवावी. किल्ली नसेल तर कितीही हुशार दुरुस्तीवाला काही करू शकत नाही.

शेवटी गुरुजनांना आणि विद्यार्थी प्रतिनिधींना एक विनंती. आपल्या संगणक कक्षाच्या कोपऱ्यात जुने संगणक एकावर एक रचून ठेवले आहेत आणि ते लवकरच निर्लेखित होऊन भंगारात जाणार, असे ऐकते. त्यांतील काहींवर ह्याच वार्षिकाचे जुने अंक जुळवले गेले. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी पाड्यांवर फिरून जमवलेली गाणी आणि म्हणी त्यांवरच टाइप झाल्या. भंगाराची यादी करण्यापूर्वी प्रत्येक डिस्क बाहेर काढावी आणि तिची नक्कल करावी. सोबत तिच्यातले फॉन्ट ठेवावेत. मग आम्ही विद्यार्थी पाळीपाळीने बसून मजकूर युनिकोडमध्ये आणू आणि शब्द न् शब्द तपासू. राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत हे काम सहज बसेल. झाडे लावण्याइतकेच ते समाजाचे आहे. हे झाल्यावर डिस्क पक्क्या पुसून, २०२२च्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत केंद्राकडे द्याव्यात, दारावरच्या भंगारवाल्याला नव्हे. खर्च येईल तो एका यूएसबी पेटीचा आणि एका मोठ्या डिस्कचा. स्नेहसंमेलनाच्या एका दिवसाच्या मंडपापेक्षा तो खासच कमी असेल.

दुकानात आता नवा संगणक चालतो. पूर्वीपेक्षा पुष्कळ वेगाने चालतो आणि काका खूश आहेत. जुनी डिस्क आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तारीख घालून, खणात ठेवली आहे. गेल्या महिन्यात एक बाई आल्या. मुलीच्या दाखल्यासाठी २०१३ साली केलेला अर्ज त्यांना पुन्हा हवा होता. त्यावर 'जि. ठाणे' होते. तेवढे बदलून दिले. त्यांच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हते. पैसे देऊन त्या वाणगावची गाडी पकडायला निघून गेल्या. मी मात्र तो खण पुन्हा एकदा नीट लावला.

वाचकहो, पुढच्या वेळी कोणी तुम्हाला 'फॉरमॅट मारू का?' असे विचारले तर 'हो' म्हणण्यापूर्वी एक दिवस मागून घ्या आणि डेस्कटॉपवर काय आहे ते एकदा पाहा.